पहिल्या पिढीचे व्हीआर हेडसेट: किंमत किती आणि पीसी कसला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिफ्ट आणि व्हाइव्ह हे व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात शिरायचे) हेडसेट बाजारात आले तेव्हापासून एकच प्रश्न शंभर तोंडांनी विचारला जातोय: "माझ्या पीसीवर चालेल का?" आता ही यंत्रं सेकंड-हँड मिळतात, जुने पीसी कपाटातून बाहेर निघतात आणि प्रश्न पुन्हा सुरू होतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतोय. किमती अमेरिकी डॉलरमध्ये आहेत, कारण त्या तशाच जाहीर झाल्या होत्या. कर आणि टपालखर्च वेगळा.

"पहिल्या पिढीचे" म्हणजे नेमके कोणते?

मुख्यतः तीन. ऑक्युलस रिफ्ट (२८ मार्च २०१६ पासून ग्राहकांच्या हाती), एचटीसी व्हाइव्ह (५ एप्रिल २०१६) आणि सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर (१३ ऑक्टोबर २०१६). त्यांच्या आगेमागे फोन खोचून वापरायचे गिअर व्हीआर, कार्डबोर्ड, डेड्रीम आले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचे हेडसेट. रिफ्टच्या आधीचे डीके१ आणि डीके२ डेव्हलपरांसाठी होते. हौशी मंडळींनीही ते घेतले, ती गोष्ट वेगळी.

त्याहून जुना इतिहासही आहे. निन्टेंडोचा व्हर्च्युअल बॉय १९९५ साली १७९.९५ डॉलरला आला. चित्र लाल-काळं, यंत्र टेबलावर ठेवून त्यात डोकावायचं. वर्षभरात गाशा गुंडाळला. इथे त्याचा विषय नाही.

हेडसेटची किंमत किती होती?

रिफ्ट ५९९ डॉलर. खोक्यात हेडसेट (हेडफोन आणि माइक त्यातच), एक सेन्सर, छोटा रिमोट आणि एक्सबॉक्स वनचा कंट्रोलर. हातात धरायचे टच कंट्रोलर तेव्हा तयारच नव्हते. ते ६ डिसेंबर २०१६ ला आले, १९९ डॉलरला, सोबत दुसरा सेन्सर. म्हणजे पूर्ण रिफ्ट खरं तर ७९८ डॉलरचा.

व्हाइव्ह ७९९ डॉलर. त्यात दोन कंट्रोलर आणि खोलीच्या कोपऱ्यांत लावायचे दोन बेस स्टेशन पहिल्या दिवसापासून होते. त्यामुळे "रिफ्ट दोनशे डॉलरनी स्वस्त" ही तुलना आठेक महिनेच टिकली, आणि तेवढ्या काळातही ती एका हाताने टाळी वाजवल्यासारखी होती.

प्लेस्टेशन व्हीआर ३९९ डॉलर. पण कॅमेऱ्याशिवाय तो चालतच नाही आणि कॅमेरा खोक्यात नव्हता. तो साधारण ६० डॉलरचा. कॅमेरा, दोन मूव्ह कंट्रोलर आणि एक गेम असा संच ४९९ डॉलरला होता. मूव्ह कंट्रोलर म्हणजे २०१० सालचे, प्लेस्टेशन ३ च्या जमान्यातले. कोणाच्या ड्रॉवरमध्ये ते पडलेले असतील तर फायदा, नाहीतर संच घेणंच शहाणपणाचं.

गिअर व्हीआर ९९ डॉलर (ग्राहक आवृत्ती, नोव्हेंबर २०१५), डेड्रीम व्ह्यू ७९ डॉलर. कार्डबोर्ड तर नावाप्रमाणेच पुठ्ठा.

५९९ ऐकून लोक एवढे का भडकले होते?

कारण कानावर आधी वेगळा आकडा पडला होता. २०१२ च्या किकस्टार्टर (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायचं संकेतस्थळ) मोहिमेत डीके१ ३०० डॉलरला मिळाला, २०१४ मध्ये डीके२ ३५० डॉलरला. ऑक्युलसचे संस्थापक पामर लकी यांनीही ग्राहक आवृत्ती साधारण त्याच पट्ट्यात असेल असं सूचित केलं होतं. लोकांनी मनात ३५० धरले, जानेवारी २०१६ मध्ये पडद्यावर ५९९ दिसले. नंतर लकी यांनी, किमतीबद्दल आपण नीट कल्पना दिली नाही, म्हणून माफीही मागितली. किकस्टार्टरवर डीके१ घेतलेल्यांना मात्र ग्राहक आवृत्ती फुकट दिली गेली.

तरी वाढ अगदीच हवेतून आलेली नव्हती. डीके२ उघडला की आत सॅमसंगच्या नोट ३ या फोनचं पुढचं पॅनेल सापडायचं, टचच्या थरासकट. फोनसाठी लाखोंनी बनणारा भाग उचलून वापरला तर यंत्र स्वस्त पडणारच. ग्राहक रिफ्टमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं, खास बनवलेलं ओलेड पॅनेल होतं, दोन्ही डोळ्यांमधल्या अंतरानुसार भिंगं सरकवायची सोय होती आणि दर सेकंदाला ९० वेळा बदलणारं चित्र. माझं मत विचाराल तर ५९९ हा आकडा चुकीचा नव्हता, तो सांगायची वेळ चुकली.

सगळं मिळून खर्च किती यायचा?

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मे २०१५ मध्येच ऑक्युलसचे तेव्हाचे प्रमुख ब्रेंडन इरीब यांनी हेडसेट आणि पीसी मिळून १,५०० डॉलर असा अंदाज दिला होता. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये "ऑक्युलस रेडी" शिक्क्याचे पीसी आणि रिफ्ट यांचे एकत्र संच १,४९९ डॉलरपासून सुरू झाले. त्याच पीसीवर व्हाइव्ह लावायचा तर आणखी दोनशे.

पण हा हिशेब शून्यापासून सुरुवात करणाऱ्याचा. ज्याच्याकडे गेमिंगचा बऱ्यापैकी डेस्कटॉप होता आणि फक्त ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र काढणारा भाग) जुनं होतं, त्याला तीनेकशे डॉलरचं कार्ड आणि हेडसेट एवढाच खर्च. प्लेस्टेशनवाल्याचं आणखी सोपं: २०१६ च्या सप्टेंबरात आलेला स्लिम पीएस४ २९९ डॉलर आणि संच ४९९, म्हणजे आठशेच्या आत सगळा संसार.

चिल्लर खर्च कोणी मोजत नाही, म्हणून इथे मोजतो. यूएसबी ३.० चं जादा कार्ड. बेस स्टेशन भिंतीवर लावायला ड्रिल, नाहीतर स्टँड. रिफ्टला खोलीभर फिरायचं तर तिसरा सेन्सर, ७९ डॉलर. व्हाइव्हचा मूळचा पट्टा ढिला वाटला तर हेडफोनसकट येणारा कडक पट्टा, ९९ डॉलर. वायर नको असेल तर सप्टेंबर २०१८ मध्ये आलेला वायरलेस अ‍ॅडॉप्टर, तब्बल २९९ डॉलर, आणि त्यासाठी मदरबोर्डवर एक पीसीआय एक्सप्रेस स्लॉट (जादा कार्ड खोचायची खाच) मोकळा हवा.

पीसीची अट नेमकी काय होती?

रिफ्टसाठी: एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० किंवा एएमडीचं आर९ २९०, इंटेल कोअर आय-५ ४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एचडीएमआय १.३ चा एक मोकळा पोर्ट, यूएसबी ३.० चे तीन आणि २.० चा एक पोर्ट, आणि ६४-बिट विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ किंवा पुढचं.

व्हाइव्हसाठी: ग्राफिक्स कार्ड आणि इंटेल प्रोसेसर तेच, किंवा एएमडीचा एफएक्स ८३५०. रॅम ४ जीबी चालेल, एचडीएमआय १.४ किंवा डिस्प्लेपोर्ट १.२, आणि यूएसबी २.० चा एकच पोर्ट.

यूएसबीमधला फरक लक्षात घ्या, पुढे त्यावर रडगाणं आहे.

पण एवढा दणकट पीसी कशाला? माझ्याकडे तर सगळे गेम छान चालतात.

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

साधा मॉनिटर १९२० गुणिले १०८० चा, सेकंदाला ६० फ्रेम (फ्रेम म्हणजे एकेक पूर्ण चित्र). गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १२.४ कोटी पिक्सेल. रिफ्ट आणि व्हाइव्ह या दोघांचीही दोन पॅनेल मिळून २१६० गुणिले १२००, सेकंदाला ९० फ्रेम. म्हणजे सुमारे २३.३ कोटी पिक्सेल. इथेच काम जवळजवळ दुप्पट झालं.

पण हिशेब इथे संपत नाही. हेडसेटमधली भिंगं चित्र वाकवतात, कडा आत खेचल्यासारख्या दिसतात. ते सरळ दिसावं म्हणून सॉफ्टवेअर आधीच चित्र उलट्या बाजूने, पिंपासारखं फुगवून ठेवतं. फुगवताना मधला भाग ताणला जातो, आणि माणूस बहुतेक वेळ पाहतो तो मधलाच भाग. तो धूसर होऊ नये म्हणून ग्राफिक्स कार्ड पॅनेलपेक्षा मोठं चित्र काढून घेतं, दोन्ही दिशांना साधारण १.४ पट. तेव्हा ऑक्युलसने दिलेला आकडा सेकंदाला सुमारे ४० कोटी पिक्सेलचा होता. साध्या मॉनिटरच्या तिपटीहून जास्त. वर प्रोसेसरला प्रत्येक वस्तू दोनदा काढायला सांगावी लागते, एकदा डाव्या डोळ्यासाठी, एकदा उजव्या.

आणि वेळ किती? ९० ने भागा: एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद. मॉनिटरवर एखादी फ्रेम चुकली तर चित्र किंचित अडखळतं, आपण खेळत राहतो. हेडसेटमध्ये फ्रेम चुकली की मान वळली पण जग वळलं नाही, असं होतं. आतल्या कानाला कळतं की डोकं हललं आणि डोळा म्हणतो काहीच हललं नाही. असं दहा-पंधरा वेळा झालं की पोटात ढवळायला लागतं. मान हलल्यापासून डोळ्यापर्यंत बदललेलं चित्र पोचायला २० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागावा, असं या क्षेत्रातले लोक धरून चालत. म्हणून "माझ्याकडे सरासरी ९० फ्रेम मिळतात" याला काही अर्थ नाही. सरासरीत चुकलेल्या फ्रेम लपतात, पोटात लपत नाहीत.

"शिफारस" म्हटलंय ना? म्हणजे त्याहून कमीही चालेल.

शब्दामुळे फसगत होते. एरवी गेमच्या खोक्यावर "किमान" आणि "शिफारस" असे दोन रकाने असतात आणि आपण किमानच्याही थोडं खाली जाऊन, सेटिंग कमी करून काम भागवतो. इथे सुरुवातीला रकाना एकच होता आणि तो खरं म्हणजे डेव्हलपरांसाठी होता: एवढ्या ताकदीचा पीसी समोर असेल असं धरून चाला आणि त्यावर ९० फ्रेम मिळतील असा गेम बनवा. ग्राहकाला त्यातून मिळणारं आश्वासन असं, की अट पाळली तर दुकानातला गेम अडखळणार नाही. अटीच्या खाली गेलात तर गेम सुरू होईल, पण आश्वासन संपलं.

या अटीने दार किती अरुंद केलं होतं तेही पाहा. २०१६ च्या सुरुवातीला एनव्हिडियाचाच अंदाज होता की जगभरात वापरात असलेल्या पीसींपैकी एक टक्क्याहून कमी, म्हणजे साधारण १ कोटी ३० लाख पीसी, या कामाचे आहेत.

लॅपटॉपवर चालेल का?

२०१६ च्या आधीचा असेल तर बहुधा नाही, आणि कारण फक्त ताकदीचं नाही. तेव्हाच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असत: एक प्रोसेसरमधली, बॅटरी वाचवणारी, आणि एक वेगळी, जोरदार. बाहेरचा एचडीएमआय पोर्ट बऱ्याचदा पहिलीला जोडलेला असे. जोरदार चिप चित्र काढते, मग ते पहिलीच्या हाती देते, ती बाहेर पाठवते. मॉनिटरसाठी ही हातमिळवणी चालून जाते, हेडसेटला चालत नाही. कार्डाच्या नावात "एम" असेल, जसं जीटीएक्स ९७०एम, तर ते डेस्कटॉपच्या ९७० पेक्षा बरंच अशक्त हेही ध्यानात ठेवा.

२०१६ च्या उत्तरार्धात जीटीएक्स १०६० आणि १०७० असलेले लॅपटॉप आले तेव्हा चित्र पालटलं. त्यांची ताकद डेस्कटॉप कार्डाच्या जवळपास होती.

कार्ड नवं घातलं, सगळं बरोबर जोडलं, तरी "एचडीएमआय जोडलेलं नाही" असंच दाखवतंय.

पीसीच्या पाठीमागे जा आणि टॉर्च लावून बघा. तिथे एचडीएमआयचे दोन पोर्ट असतील. एक वर, यूएसबी आणि नेटवर्कच्या पोर्टांच्या घोळक्यात, उभा, तो मदरबोर्डचा. दुसरा त्याच्या बराच खाली, बहुतेक आडवा, ग्राफिक्स कार्डाच्या पत्र्यावर. केबल खालच्यात हवी. हसू नका, मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर काढून-घालून घालवली आणि शेवटी केबल वरच्या पोर्टात निघाली.

दुसरी गंमत अशी, की त्या काळच्या अनेक कार्डांवर एचडीएमआय एकच असे आणि तिथे मॉनिटर आधीच बसलेला. मॉनिटरला उठवून डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्टवर बसवा आणि एचडीएमआय हेडसेटला द्या. उलटं करून रिफ्टला अ‍ॅडॉप्टरमधून डिस्प्लेपोर्टवर लावायचा प्रयत्न बहुतेकांचा फसला.

यूएसबीचं काय एवढं?

रिफ्टचा सेन्सर म्हणजे मुळात कॅमेरा. हेडसेटवरचे अवरक्त दिवे तो पाहतो आणि चित्रं सतत पीसीकडे पाठवत राहतो. दोन-तीन सेन्सर लावले की हा लोंढा यूएसबीतून जायला हवा. मदरबोर्डच्या मागे सहा पोर्ट दिसत असले तरी आतून ते बरेचदा एकाच कंट्रोलर चिपच्या वाट्याला आलेले असतात, आणि काही चिप या ओझ्याखाली चक्क मान टाकत. मग सेन्सर मध्येच गायब होणार, हात हवेत तरंगत दूर जाणार. उपाय: यूएसबी ३.० चं वेगळं पीसीआय एक्सप्रेस कार्ड, नाहीतर तिसरा सेन्सर मुद्दाम २.० च्या पोर्टात. दुसरा उपाय ऐकायला विचित्र वाटतो, पण २.० वर सेन्सर कमी माहिती पाठवतो आणि बाकीच्यांना श्वास घेता येतो.

व्हाइव्हमध्ये ही भानगड नाही, कारण तिथे काम उलटं चालतं. बेस स्टेशन खोलीभर अवरक्त लेझरचे पट्टे फिरवतात, ते कधी लागले याची वेळ हेडसेटवरचे सेन्सर मोजतात आणि त्यावरून जागा काढतात. बेस स्टेशन पीसीला जोडायचेच नसतात, फक्त वीज द्यायची. म्हणून एका यूएसबी २.० वर भागतं. महाग होता, पण मला विचाराल तर त्या दोघांत जास्त शहाणी रचना व्हाइव्हची.

रॅम आणि प्रोसेसर वाढवून कमी कार्ड भरून निघेल का?

नाही.

मॅक किंवा लिनक्सवर?

रिफ्टसाठी विसरा, मे २०१५ मध्येच ऑक्युलसने मॅक आणि लिनक्सचं काम थांबवलं. व्हाइव्हसाठी जून २०१७ मध्ये अ‍ॅपलने मॅकवर स्टीमव्हीआर (व्हाइव्ह चालवणारं, व्हॉल्व्ह कंपनीचं सॉफ्टवेअर) आणण्याची घोषणा केली, बाहेरून जोडायच्या ग्राफिक्स कार्डासकट. २०२० मध्ये व्हॉल्व्हने मॅकचा पाठिंबा बंद केला.

नंतर अट शिथिल झाली म्हणतात, ती कशी?

हो, ऑक्टोबर २०१६ मध्ये. ऑक्युलसने तेव्हा खरोखरचा "किमान" रकाना आणला: जीटीएक्स ९६०, कोअर आय-३ ६१०० किंवा एएमडी एफएक्स ४३५०, यूएसबी ३.० चा एकच पोर्ट आणि दोन २.० चे, विंडोज ८ किंवा पुढचं. या अटीत बसणारा पीसी ४९९ डॉलरपासून मिळेल असं सांगितलं गेलं.

हे जमलं असिंक्रोनस स्पेसवॉर्पमुळे. पीसीला ९० फ्रेम झेपत नाहीत असं दिसलं की गेमला ४५ वर आणायचं आणि मधली प्रत्येक फ्रेम, आधीच्या दोन फ्रेममध्ये काय कुठे सरकलं ते पाहून, अंदाजाने बनवायची. डोळ्यांना ९० मिळतात, कार्डाला ४५ चं कष्ट. अंदाज कुठे चुकतो ते पाहायचं असेल तर हात चेहऱ्यासमोरून झपकन हलवा. बोटांच्या कडेने मागची भिंत जेलीसारखी थरथरते. एकदा दिसलं की पुढे सारखं दिसत राहतं, त्यामुळे ज्यांना अजून दिसलेलं नाही त्यांनी हा प्रयोग करू नये.

म्हणजे आधीचं आश्वासन तसंच राहिलं, फक्त निम्म्या फ्रेमची जबाबदारी गेमकडून रिफ्टच्या सॉफ्टवेअरकडे गेली.

मग प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या यंत्रावर व्हीआर कसं चालायचं?

अंगापेक्षा पांघरूण मोठं न करता. पॅनेल एकच, १९२० गुणिले १०८०, म्हणजे रिफ्टपेक्षा कमी पिक्सेल. पण प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तिन्ही ठिपके पूर्ण असल्याने जाळी कमी जाणवायची. पॅनेल १२० हर्ट्झपर्यंत चालतं. बरेच गेम ६० फ्रेम काढत आणि मधली फ्रेम डोक्याच्या हालचालीनुसार सरकवून १२० केली जाई. ६० च्या खाली जाणारा गेम मंजूर होणार नाही, असं सोनीने डेव्हलपरांना बजावलं होतं. शिवाय सगळ्यांकडे यंत्र एकच, त्यामुळे "माझ्यावर चालेल का" हा प्रश्नच उरत नाही. त्या आठशे डॉलरमधला बराच भाग माझ्या मते या मनःशांतीचा होता.

सोबत येणाऱ्या काळ्या डबीबद्दल नेहमी गैरसमज असतो. ती प्लेस्टेशनची ताकद वाढवत नाही. टीव्हीवर बाकीच्यांना चित्र दाखवणं आणि त्रिमित आवाज ही तिची कामं. पहिल्या डबीतून टीव्हीला एचडीआर (उजळ-गडद छटा जास्त दाखवणारं चित्र) जात नसे. एचडीआर टीव्ही असलेले लोक दर वेळी टीव्हीमागे वाकून केबल बदलत बसत. २०१७ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीत ते सुधारलं.

फोनवाल्या हेडसेटना पीसी लागत नाही, मग तेच का घेऊ नये?

पाहायला मजा येते, वावरायला येत नाही. मान वळवलेली कळते. पुढे वाकलेलं, बसलेलं, एक पाऊल टाकलेलं कळत नाही. तुम्ही वाकलात की सगळं जगच तुमच्यासोबत वाकतं. गिअर व्हीआरमध्ये स्वतःचे हालचाल-सेन्सर होते म्हणून तो कार्डबोर्डपेक्षा बराच स्थिर, पण तोही सॅमसंगच्या ठरावीक महागड्या फोनवरच चालायचा, आणि अर्ध्या-पाऊण तासात फोन तापून "थोडी विश्रांती द्या" म्हणायचा. ९९ डॉलरच्या मागे उभा असलेला फोन मोजायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

तेव्हा घेतला नाही आणि थांबलो असतो, तर किती वाचले असते?

हेडसेटमध्ये बरेच. मार्च २०१७ मध्ये रिफ्ट ४९९ आणि टच ९९ झाला. त्याच उन्हाळ्यात दोन्ही मिळून ३९९ ची सवलत निघाली आणि ऑक्टोबरपासून तीच कायमची किंमत ठरली. ऑगस्टमध्ये व्हाइव्ह ५९९ वर आला. विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचे हेडसेट कंट्रोलरसकट ३९९ पासून, प्रत्येक डोळ्यासाठी १४४० गुणिले १४४० पिक्सेल, बाहेरचा सेन्सर नाही, आणि इंटेल प्रोसेसरमधल्याच साध्या एचडी ६२० ग्राफिक्सवरही ६० फ्रेमने चालतील असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं. कंट्रोलर ब्लूटूथवर चालत, तेव्हा डेस्कटॉपवाल्यांना बहुधा डोंगल घ्यावा लागे.

कार्डांचंही २०१६ च्या उन्हाळ्यात बरं झालं होतं. जीटीएक्स ९७० सप्टेंबर २०१४ मध्ये ३२९ डॉलरला आलं होतं. त्याच वर्गातलं एएमडीचं आरएक्स ४८० जून २०१६ मध्ये १९९ पासून मिळू लागलं, जीटीएक्स १०६० जुलैत २४९ पासून. पण मग २०१७ च्या मध्यात क्रिप्टो खाणकामवाले (ग्राफिक्स कार्डांवर आभासी चलन कमावणारे) बाजारात शिरले, कार्डं गायब झाली आणि जी मिळत ती छापील किमतीच्या कितीतरी वर. हेडसेट स्वस्त व्हायची वाट पाहणाऱ्यांची तिथे पंचाईत झाली. पीसीच नको म्हणणाऱ्यांना मे २०१८ मध्ये ऑक्युलस गो (१९९ डॉलर) आणि मे २०१९ मध्ये क्वेस्ट (३९९ डॉलर) मिळाला.

जागा किती लागते?

उभं राहून किंवा बसून खेळायचं तर हात पसरता येतील एवढी. व्हाइव्हमध्ये चालत खेळायचं तर मोकळी जागा किमान २ मीटर गुणिले दीड मीटर, आणि दोन बेस स्टेशनमध्ये जास्तीत जास्त ५ मीटर. पंख्याची आणि दिव्याची उंचीही मोजा. कंट्रोलर वर जातात.

विकत घेण्याआधी पीसी तपासायचा कसा?

व्हॉल्व्हची स्टीमव्हीआर परफॉर्मन्स टेस्ट फुकट आहे, हेडसेट लागत नाही, दोन-तीन मिनिटांत उत्तर देते. तिचा आलेख पाहा, फक्त हिरवा-पिवळा पट्टा पाहू नका: ९० च्या खाली किती फ्रेम गेल्या हे तिथे लिहिलेलं असतं. ऑक्युलसची तपासणी वेगळ्या स्वभावाची. ती घटकांची नावं यादीशी ताडून पाहायची, त्यामुळे यादीत न बसणाऱ्या जुन्या पण दणकट प्रोसेसरलाही लाल फुली मिळायची.

चष्मा लागतो, जमेल का?

व्हाइव्हमध्ये भिंगं मागे-पुढे करता येतात, प्लेस्टेशन व्हीआर पूर्ण पुढे ओढता येतो. रिफ्टमध्ये रुंद फ्रेम अडकते. चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगावर घासू देऊ नका, दोन्ही ओरखडतात.

आज यांतला एखादा सेकंड-हँड घ्यावा का?

आज अटीतलं कार्ड म्हणजे जुनं-पानं कार्ड, त्यामुळे पीसीचा अडसर जवळजवळ गेला आहे. आता अडतं ते इतर ठिकाणी. विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने काढून टाकली, तेव्हा ते हेडसेट घेताना दहा वेळा विचार करा. हेडसेटचं चालणं सॉफ्टवेअरवर किती अवलंबून असतं याचा नमुना आधीही दिसला होता: ७ मार्च २०१८ ला ऑक्युलसच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरचे रिफ्ट, यंत्रात कुठलाही बिघाड नसताना, दुरुस्ती येईपर्यंत बंद पडले. रिफ्टची केबल खास जातीची, आता बनत नाही. ती पिळवटलेली असेल तर सौदा सोडा. व्हाइव्हच्या बेस स्टेशनमध्ये फिरती मोटर असते, कानाला लावून ऐका, खरखर नको. प्लेस्टेशन व्हीआर पीएस५ वर चालतो, पण कॅमेऱ्यासाठी सोनीचा अ‍ॅडॉप्टर लागतो.

शेवटी हेडसेट चालू करून पूर्ण पांढरं चित्र लावा आणि भिंगांतून नीट पाहा. पिवळट ठिपका किंवा वळणदार डागाची रेघ दिसली तर आधीच्या मालकाने तो खिडकीशी भिंगं वर करून ठेवला होता असं समजा. भिंगातून ऊन पॅनेलवर एकवटतं आणि ते जळतं. तो डाग पुसला जात नाही.